ढिम्मपुराण

माझा धाकटा दीर माणसांचे दात करतो. हसू नका, खरंच करतो. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात आणि हा खिडकीपाशी बसून मेणाच्या हिरडीवर एकेक दात रोवतो. म्हणून घरात त्याचं नाव दातोबा. मीच ठेवलं. लग्न होऊन आले तेव्हा हा अकरावीत होता, नावं ठेवायला हक्काचं माणूस मिळालं मला.

कवळीतला एक दात तो मुद्दाम किंचित वाकडा लावतो. "सगळे सरळ लावले की खोटे दिसतात, वहिनी." चाळिशी उलटली, लग्नाच्या भानगडीत पडला नाही. वेड एकच, व्हिडिओ गेमचं. तोही एकच गेम: तलवारी, चेटूक, राक्षस, आणि एकेक भाग महिनामहिना चालणारा. पहिले तीन भाग ह्यानं आणि ह्याच्या दादानं, म्हणजे आमच्या ह्यांनी, एका सोफ्यावर मांडीला मांडी लावून खेळलेत. सासूबाई मागून ओरडायच्या, "अरे, संपतंय की नाही तुमचं ढिम्मपुराण?" हा शब्द त्यांचा स्वतःचा. जे पुढे सरकत नाही ते ढिम्मपुराण. मग ती रांग असो, टीव्हीवरची मालिका असो, नाहीतर उठायचं नाव न घेणारे पाहुणे. घराबाहेर मी तो कुणाच्याच तोंडी ऐकला नाही.

मग चौथा भाग आला आणि वांधे झाले. त्यात पहिल्याच तासात नायकाची तलवार मोडते. पुढे तो एका गावात राहून पूल बांधतो, लोकांच्या चिठ्ठ्या पोचवतो. खेळणाऱ्यांत नुसती बोंबाबोंब. अर्धे म्हणाले वाट लावली, अर्धे म्हणाले असा खेळ आजवर झाला नाही. आमचे हे दोन तास खेळले आणि उठले. "राक्षस मारायला बसलोय की पोस्टमनकी करायला?"

दातोबा मात्र त्यात बुडाला. शेवटचा टप्पा म्हणे दोघांना मिळून खेळता येतो. तिथवर पोचला आणि थांबला. थोडाथोडका नाही, दोन महिने. दर आठवड्याला फोन.

"दादा, रविवारी दुपारी ये ना. शेवट ठेवलाय तुझ्यासाठी."

"बघू."

"मागच्या वेळीही बघूच म्हणालास."

"अरे, त्यात बघण्यासारखं काय आहे ते तरी सांग!"

ह्या गेमच्या वेड्यांचं इंटरनेटवर एक पान आहे, आपल्या भाषेतलं. तिथे कुणी खरं नाव लावत नाही. एका सुट्टीच्या सकाळी ह्यांनी तिथे कुणीतरी लिहिलेलं चौथ्या भागाचं लांबलचक कौतुक वाचलं. 'पूल झाल्यावर एक म्हातारी नुसती त्यावरून चालत जाते. तेवढ्यासाठी तीन दिवस खपलो,' असलं काहीतरी. ह्यांचं डोकं फिरलं. मराठी अक्षरं ह्यांना जुळवता येत नाहीत, म्हणून म्हणाले, "मी उत्तर सांगतो, तू टाइप कर."

आता मला टाइप करायला सांगायचं म्हणजे मांजराला दूध राखायला बसवण्यासारखं. ह्यांचं सांगून झालं आणि वर माझ्या पदरचं घातलं: 'हा खेळ नव्हे, ढिम्मपुराण आहे. घरी कुणी विचारत नसलं की माणूस खोट्या गावात चिठ्ठ्या वाटत बसतो.' हे डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. संध्याकाळपर्यंत चारशे लोक हसून गेले. मी तर हवेतच.

त्या आठवड्यात दातोबाचा फोन आला नाही.

मला वाटलं, रुसला. रविवारी ह्यांना उठवलंच. "अहो, चला. नाहीतर मी जाते खेळायला, मग बसा बोंबलत."

गेलो. दातोबा टेबलाशी बसून एक खालची कवळी कानशीनं घासत होता. टीव्ही बंद.

"चल, लाव तुझा तो शेवट," हे म्हणाले.

"संपवला मी."

"एकट्यानं? माझ्यासाठी ठेवला होतास ना?"

"हो, ठेवला होता." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "वहिनी, आईचा शब्द बरा आठवला तुला."

मला लगेच कळलं, ते कौतुक लिहिणारा हाच. ह्यांची ट्यूब जरा उशिरा पेटते. "कुठला शब्द?" म्हणाले, आणि मग तोंड उतरलं. "अरे, मला काय माहीत तो तू आहेस? असेल कुणीतरी म्हटलं."

"कुणीतरी होतंच ना, दादा."

माझ्याकडे उत्तर नाही असं कधी झालेलं नाही. म्हटलं निदान भावावरचा राग तरी उतरवू. "दातोबा, ते शेवटचं वाक्य माझं होतं रे. दादाचं नाही."

"ओळखलं मी. दादाला एवढं नेमकं कुठे सुचतं? मला घरी कुणी विचारत नाही हे तुलाच माहीत."

हे सोफ्यावर बसले. खरंच बसले, अंग टाकून नाही, पुढे सरकून. "परत लाव तो टप्पा. मी खेळतो तुझ्याबरोबर. पूर्ण."

"नको दादा. तू आता माझ्यासाठी खेळशील, गेमसाठी नाही."

"मग त्यात वाईट काय?"

त्यानं कवळी उजेडात धरून बघितली, एका दातावरून अंगठा फिरवला, आणि घासायचं मशीन सुरू केलं. त्या आवाजात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही.