वहिनीबरोबर श्रीलंकेत

वहिनीच्या पाठीवर सॅक चढवायची तालीम आम्ही वारज्याला, माझ्या बिल्डिंगच्या जिन्यात केली. सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरल्या होत्या. मी शाळेत पीटीची बाई होते, त्यामुळे माणसांना वरखाली पळवण्यात मला कधीच संकोच वाटलेला नाही. वहिनी वरच्या मजल्यावर पोचली, पायरीवर बसली आणि म्हणाली, की तांदूळ इथेच शिजवून खाऊ, श्रीलंका राहू दे. शेजारच्या काकांनी दार उघडून लिफ्ट बंद आहे का, असं विचारलं. चालू आहे म्हटल्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ती बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होती. मुलगा कॅनडात. मी लग्न केलं नाही, रिटायर झाले, माझ्याकडे दोन बेडरूमची जागा. तिने माझ्याकडे कायमचं राहायला यावं, असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं. पण ते एकदम विचारायचं धाडस होईना. म्हणून मी आधी प्रवास काढला. पाठीवर सामान, स्वस्तातल्या खोल्या, एसटीसारख्या बस. एका खोलीत आम्ही एकमेकींना सोसलं, तर एका घरात सोसायला काय हरकत होती? यातलं तिला मी अर्थातच काही सांगितलं नाही. भाच्याने फोन करून, "आत्या, आईला निदान बऱ्या हॉटेलात ठेव," असं सांगितलं. मी हो म्हटलं आणि ठेवलं नाही.

श्रीलंकेत वहिनी जी रमली, ते बघून मलाच नवल वाटलं. उकाडा पुण्याच्या मे महिन्याला लाजवील असा, अंगाला कपडा चिकटलेला, बसमध्ये गाणी इतकी मोठ्याने की शेजारच्याशी बोलायची सोय नाही. पण ही खिडकीशी बसून फणस मोजायची. केशरी शहाळी बघून हरखली. देवळात लोक बुद्धापुढे चाफा वाहतात, हे तर तिला इतकं आवडलं की एका आजीबाईंशी ती चाफ्याबद्दल शुद्ध मराठीत बोलत राहिली आणि त्या त्यांच्या भाषेत उत्तरं देत राहिल्या. दोघींचं काही अडलं नाही. मी मात्र गळ्यात शिट्टी असल्यासारखी वागत होते. उठा, आवरा, पाणी भरून घ्या. माझी चेष्टा करायची असली की वहिनी मला वन्सं म्हणते. "वन्सं, हजेरी कधी घेणार?" असं ती रोज सकाळी विचारायची.

डोंगराकडच्या एका गावात आम्ही एका बाईंच्या घरी खोली घेतली होती. दुपारी पोचलो, तेव्हा त्यांनी हसून इंग्रजीत विचारलं, रात्रीचं जेवण हवं का? वहिनी तत्काळ म्हणाली, नो नो, कशाला त्रास. मीही मान हलवली. आता आपल्याकडे याचा अर्थ कुठल्याही यजमानाला कळतो. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा जरा कमी जोराने नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा, बरं थोडंच वाढा, म्हणायचं. मधल्या आग्रहाची जबाबदारी घरच्यांची. आम्ही आंघोळी करून, केस विंचरून, बोलावणं येईल म्हणून पलंगावर बसून राहिलो. स्वयंपाकघरातून नारळाचा आणि कढीपत्त्याचा वास येत होता. मग ताटांचा आवाज आला. मग भांडी घासल्याचा. आम्हाला कुणी हाकच मारली नाही.

शेवटी मी बाहेर डोकावले, तर बाई नमस्कार करून आपल्या खोलीत निघाल्या होत्या. त्यांनी नको म्हणजे नको असं धरलं होतं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. आम्ही सॅकच्या तळातला चिवडा काढला. वहिनी आधी चिडली, मग तिला हसू फुटलं. उशी तोंडावर धरून ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. भाऊ गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि उपाशी पोटी मला फार बरं वाटलं.

सकाळी ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि त्या बाईंना म्हणाली, येस, डिनर, बोथ, येस. मग खाली बसून त्यांच्याबरोबर नारळ खवू लागली. त्या रात्री आम्ही लाल तांदळाचा भात, फणसाची भाजी आणि तिखटजाळ खोबऱ्याची चटणी मागून मागून खाल्ली.

त्यानंतर वहिनीला छंदच लागला. हवं तर हवं, नको तर नको, एकदाच सांगायचं. रिक्षावाल्याला नो. दुसऱ्या शहाळ्याला येस. आणि मी पहाटे टेकडी चढायची आज्ञा काढली, तेव्हा पांघरुणातूनच म्हणाली, "मला नाही यायचं. तू जाऊन ये." मी तणतणत एकटीच गेले. परत आले तेव्हा ती व्हरांड्यात पाय पसरून चहा पीत होती, चेहऱ्यावर कुठेही ओशाळेपणा नव्हता. मला जरा राग आला आणि जरा हेवाही वाटला.

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही समुद्राकाठच्या रस्त्यावर एका झाडाखाली बसची वाट बघत होतो. सॅका पायाशी, ऊन उतरायला लागलेलं. आमचं कुठेच भांडण झालं नव्हतं. मला वाटलं, आता विचारावं. मी सगळी तयारी केल्यासारखं बोलले. रिकामी खोली, गॅलरीतलं ऊन, खालीच भाजीवाला, जवळ दवाखाना. म्हटलं, "वहिनी, आता माझ्याकडेच राहायला ये."

"नको," ती म्हणाली.

मी अर्थातच पुन्हा विचारलं. ती पुन्हा नको म्हणाली, आणि आवाज जरासुद्धा कमी झाला नाही. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अगं, सकाळी उठल्यावर कुणाला काय हवं ते बघायचं नाही, हे मला आत्ता कुठे मिळालंय. आधी सासूबाई, मग मामंजी, मग तुझा भाऊ. तुझ्याकडे आले की दुसऱ्या दिवशी मी तुझ्या आधी उठून तुझा चहा टाकीन. तू नको म्हणालीस तरी टाकीन. मला थांबता येत नाही."

मला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. मी म्हटलं, मी तुझ्यासाठीच म्हणत होते, तू एकटी असतेस म्हणून.

"मला नाही गं एकटं वाटत. तुला वाटतं का?"

असं मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. उतरत्या उन्हात, रहदारीच्या रस्त्यावर, पायाशी सॅक घेऊन मी, हो, म्हणाले. वाटतं. शाळा सुटल्यापासून फार वाटतं. वहिनीने माझ्याकडे मुद्दाम पाहिलं नाही, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

"मग तसं म्हणावं," ती म्हणाली. "शनिवारी माझ्याकडे येत जा. येताना भाजी आण. स्वयंपाक तू करायचा."

तेवढ्यात बस आली, आणि आम्ही एकमेकींच्या पाठीवर सॅका चढवल्या.

पहिल्या शनिवारी मी मेथी आणि भाकरीचं पीठ घेऊन बिबवेवाडीला गेले. मला स्वयंपाक बेताचाच येतो. ओट्याशी मी एकटी, आणि वहिनी टेबलाशी हात बांधून बसलेली. दोनदा ती मदतीला उठली आणि दोनदा स्वतःच पुन्हा बसली. भाकरीचा नकाशा झाला होता. पहिला घास घेऊन तिने भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. मग ताट पुढे केलं आणि म्हणाली, अजून वाढ. आमच्या घरात इतकी वर्षं काढली तिने, पण तिला बसवून कुणी वाढल्याचं मला आठवत नाही. मी वाढलं.