तेरा खुर्च्या

गावातल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा मी अध्यक्ष. दर महिन्याला चौथीच्या वर्गात बैठक असते. मुख्याध्यापिका बाई तेरा खुर्च्या गोल मांडतात आणि आम्ही दोघं वाट बघत बसतो. चहा निवतो. मग शिपाईमामा वही घेऊन घरोघर फिरतात आणि उरलेल्या सगळ्यांच्या सह्या आणतात.

आज वर्षाची शेवटची बैठक. लवकर पोहोचलो म्हणून वही चाळत बसलो. नळ दुरुस्त केला तेव्हा हजर तेरा. कुंपणासाठी अर्ज दिला तेव्हाही तेराच. प्रत्येक पानावर ‘सविस्तर चर्चा होऊन एकमताने ठरले’. चर्चा कसली, मी बोलायचो आणि बाई मान डोलवायच्या. तरी वाचता वाचता मला त्या वहीतल्या अध्यक्षाचा हेवा वाटायला लागला. त्याचं वर्ष किती माणसांत गेलं होतं! मुलीची चौथी संपली, की माझं इथलं येणंही संपणार.

बाई आत आल्या. माझ्या हातातली वही बघून जरा घुटमळल्या.

“भाऊ, आज दोनच खुर्च्या मांडू का?”

“नको बाई, सगळ्या मांडा,” मी उठत म्हणालो. “खुर्च्या तरी वहीशी जुळू देत.”