दाजी आणि कुकर

माझ्या थोरल्या साडूंइतका घाईचा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो साडूंच्याही आधी कुठंतरी पोचायच्या गडबडीत असेल, म्हणून आपल्याला अजून दिसलेला नाही. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. माजलगावच्या अलीकडं कालव्याच्या पाण्यावर त्यांचा ऊस आहे, मळ्यातच घर आहे, आणि गावच्या राजकारणात दोन्ही पार्ट्यांना त्यांचा धाक आहे. कारण बैठक सुरू व्हायच्या आतच ते आपलं मत देऊन उठलेले असतात आणि मग ते मत नेमकं कशावर होतं यावर बाकीच्यांची बैठक चालते. एसटी थांबल्यावर उतरायचं असतं ही गोष्ट त्यांनी साठी उलटली तरी मान्य केलेली नाही. चहा ते उभ्यानं पितात, तोही बशीत ओतून, फुंकर मारायच्या आधीच. त्यांचा फोन आला की “निघालोत” एवढा एकच शब्द ऐकू येतो आणि फोन बंद. कुठून निघाले, कुठं निघाले, हे कुणालाच कळत नाही. एकदा असा फोन तीन नातेवाइकांकडं गेला. तिन्ही घरी भाकरी थापल्या गेल्या, आणि दाजी चौथ्याच्या घरी जेवून परत घरी गेले.

लग्नातली त्यांची तऱ्हा तर वेगळीच. दुसरं मंगलाष्टक चालू असतानाच ते हातातल्या सगळ्या अक्षता एका दमात उधळतात आणि पंगतीत जाऊन बसतात. इकडं नवरानवरीच्या गळ्यात हार पडतात तेव्हा तिकडं दाजी हात धूत असतात. उमापूरला एकदा दोन लग्नं शेजारीशेजारी होती. दाजी ज्या मांडवात जेवले, आहेर करून फोटोलाही उभे राहिले, तो मांडव आपल्या पाहुण्यांचा नव्हताच. हे त्यांना घरी आल्यावर कळलं. त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. “जेवन चांगलं होतं,” ते म्हणाले, “मानसंबी बरी होती.”

असा माणूस आणि प्रेशर कुकर यांचं एका घरात नांदणं कठीणच होतं. पण कुकर आणला दाजींनीच. चुलीवर तुरीची डाळ शिजायला लागणारा वेळ त्यांना सोसत नसे. कुकरमध्ये डाळ चटकन शिजते असं मोंढ्याच्या बाजारात कुणीतरी सांगितलं, आणि दाजी तसेच भांड्याच्या दुकानात शिरले. दुकानदार झाकण कसं लावायचं, रिंग कशी बसवायची हे दाखवत होता तोवर यांनी खोकं मोटारसायकलीला बांधलंसुद्धा. शिट्टी झाली की ताट वाढायचं, एवढीच त्यांची समजूत. शिट्टी होऊन, गॅस बंद करून, वर पुन्हा वाफ जिरायची वाट बघत बसावं लागतं, हे त्यांना घरी आल्यावर समजलं आणि त्यांना ती शुद्ध फसवणूक वाटली. गॅस बंद केला म्हणजे काम संपलं, आता कशाची वाट बघायची, असा त्यांचा सवाल होता आणि तो ते रोज नव्यानं विचारत.

सवाल विचारून थांबले असते तर ठीक. पण अक्काची, म्हणजे माझ्या मेहुणीची, जरा पाठ वळली की दाजी सांडशीनं शिट्टी उचलत. वाफेबरोबर वरण छताला जाई. अक्कानं सांडशी लपवली, तर दाजींनी मोटारीचा पाना आणला. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतावर हळदीच्या ठिपक्यांची अशी दाटी झाली की नवीन पाहुण्याला तो मुद्दाम दिलेला रंग वाटे. आमच्या सिरसाळ्याच्या घरी ते आले की बायको मला त्यांच्यावर पहाऱ्याला बसवी. एकदा कापसाच्या भावाचा विषय काढून मी त्यांना चांगलं गुंतवलं होतं. पाणी आणायला म्हणून उठलो, तेवढ्यात आतून फुसकन् आवाज आला. वरण पंख्यावर, कॅलेंडरवर आणि दाजींच्या चष्म्यावर. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून बायकोनं नुसतं फडकं पुढं केलं. दाजींनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला, बोटाला लागलेलं वरण चाटलं आणि म्हणाले, “शिजलंय. मीठ तेवढं बघ.”

अक्का म्हणजे सगळीच याच्या उलट. तिला घाईनं चालतानाही मी कधी पाहिलं नाही. बाहेरून दाजींनी “झालं का?” विचारायचं आणि आतून तिनं “बसा” म्हणायचं, हेच त्या दोघांचं दिवसभराचं बोलणं. दाजी शिट्टी उचलायला निघाले की आधी “सरक” म्हणून ओरडत, आणि अक्का हातातलं काम न थांबवता पाऊलभर बाजूला होई. संसार असा रुळला होता.

दोनेक वर्षांखाली “झालं का?”ला उत्तर येईनासं झालं. अक्का रागावली आहे असं दाजींनी धरलं. कशावरून रागावली असेल याची कारणं त्यांच्याकडं भरपूर होती, त्यामुळं त्यांनी तिला काही विचारलं नाही. माझ्या बायकोला मात्र फोन केला, आणि पहिल्यांदाच तो लवकर ठेवला नाही. तुझी बहीण माझ्याशी बोलत नाही, असं ते पुन्हापुन्हा सांगत होते. बायको हसली. या वयात रुसवे काय काढता, असं काहीतरी म्हणाली.

पुढचं मला दाजींनीच सांगितलं, कालव्याच्या कडेनं भराभर चालताना. मी त्यांच्या मागं जवळजवळ पळतच होतो. त्या दिवशी सकाळी त्यांना गावात बैठकीला जायचं होतं. पायात चपला घातलेल्या. आत कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या चाललेल्या. त्यांनी अंगणातून दोनदा ओरडून गॅस बंद करायला सांगितलं. शिट्ट्या थांबेनात. मग करपल्याचा वास आला. दाजी चपलांसकट आत गेले. अक्का गॅसकडं पाठ करून खाली बसली होती आणि मेथी निवडत होती. तिच्या डोक्यामागं कुकर किंचाळत होता आणि ती एकेक काडी नीट बघून टोपलीत टाकत होती. दाजींनी गॅस बंद केला. सावली पडली तशी तिनं मान वळवली, आधी त्यांच्याकडं आणि मग कुकरकडं पाहिलं.

“आज कुकर वाजंना कावून की,” ती म्हणाली. “शिट्टी खराब झाली वाटतं.”

दाजी तिच्यासमोर खाली बसले आणि तिला दिसेल असं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, “व्हय. खराब हाय. नवी आनतो.”

बैठक राहिली. दाजी माजलगावला गेले आणि खरंच नवी शिट्टी घेऊन आले. तिचा काही उपयोग नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण आणतो म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी ती शिट्टी लावून अक्का कुकरसमोर बराच वेळ उभी राहिली. वाफेचा फवारा वर उडताना तिनं डोळ्यांनी पाहिला. मग गॅस बंद करून बाहेर आली आणि दाजींना म्हणाली, “अवो, शिट्टी चांगली हाय. म्याच खराब झाले.”

बीडला कानाच्या डॉक्टरकडं गेलो तेव्हा मी सोबत होतो. बाहेर ही गर्दी. दाजी आता कंपाउंडरशी भांडणार, नाहीतर नंबर सोडून निघून जाणार, याची मी तयारीच ठेवली होती. त्यांचे गुडघे हलत होते, भिंतीवरचे सगळे फलक त्यांचे वाचून झाले, पिशवीची गाठ त्यांनी सोडली, बांधली, पुन्हा सोडली. पण बाकावरून उठले नाहीत. चहाला चला म्हटलं तर मानेनंच नाही म्हणाले. नाव पुकारलं तर हिला ऐकू यायचं न्हाई, एवढंच बोलले.

मशीन मिळालं. अक्का ते लग्नाकार्याला लावते, स्वयंपाकघरात काढून ठेवते. ते लावलं की कुकरची शिट्टी कारखान्याच्या भोंग्यासारखी डोक्यात घुसते म्हणते. म्हणून आता कुकर चढला की दाजी आत जाऊन बसतात. बैठकीतून उठताना पूर्वी ते कारण सांगत नसत. आता “कुकरची येळ झाली” असं सांगून उठतात आणि दोन्ही पार्ट्या एकदम हसतात. दाजींना त्याचं काही नाही. स्वभाव बदलला म्हणावं तर तसंही नाही. पाटावर बसले तरी एक पाय हलतच असतो. मधेच डब्यांची झाकणं उघडून आतलं बघतात, मेथी निवडायला घेतात आणि निवडलेली न निवडलेलीत मिसळून टाकतात. पण शिट्टी झाली की अक्काच्या समोर बोट धरतात. तीन बोटं झाली की ती गॅस बंद करते. मग वाफ जिरेपर्यंत दोघंही बसून राहतात.

मी एकदा चेष्टेनं विचारलं, आता सांडशीला हात लावत नाही वाटतं. दाजी चेष्टेत आले नाहीत. “पयलं ‘सरक’ म्हनलं की ती सरकायची,” ते म्हणाले. “आता मागून वाफ आली तर तिला कळायचं कसं?”

पुण्याहून त्यांच्या मुलानं विजेचा कुकर पाठवला होता, आपोआप बंद होणारा. तो अजून खोक्यात आहे. दाजींना त्याचं विचारलं तर ते म्हणतात, मग म्या घरात करू काय?

परवा गेलो होतो. कुकर चढलेला, दाजी पाटावर, मी दारात खुर्ची टाकून. पहिलं बोट झालं, दुसरं झालं. अक्कानं गॅसकडं बघत सहज विचारलं, “पयल्यावानीच वाजतो का वो ह्यो अजून?”

दाजींनी मान हलवली. पण तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही, ती त्यांच्याकडं बघतच राहिली. तेव्हा दाजी उठले, तिच्या कानाशी वाकले, पदर जरा बाजूला केला आणि ओठांचा चंबू करून शिट्टी घातली. कुकरसारखी, दम संपेपर्यंत लांबलचक. अक्का लाजली. पदर सावरत माझ्याकडं बघून म्हणाली, “पाव्हन्याम्होरं काय ह्ये.”

तिला ते ऐकू आलं का नुसता वारा कानाला लागला, हे मी विचारलं नाही.