ताथवड्याच्या बांधावरची वाघाटी

पिंपरीच्या बाजूला पहिले कारखाने उभे राहत होते, त्या वर्षांत मी त्यातल्याच एकात ड्राफ्ट्समन होतो. चिंचवडला खोली घेऊन एकटाच राहायचो. नवीन यंत्रं बसली की त्यांचे फोटो काढायला पुण्याहून एक फोटोग्राफर येत. पन्नाशीचे, बारीक, बोलायला अतिशय मऊ. मी त्यांना काका म्हणू लागलो आणि त्यांनी मला फोटो काढायला शिकवलं. घडी घालता येणारा जुना कॅमेराही त्यांनीच मिळवून दिला. एका रोलवर आठ फोटो निघत. त्यामुळे बोट दाबण्याआधी माणूस दहादा विचार करी.

"फ्लॅशचा बल्ब लावून कुणीही काढील," काका म्हणायचे. "तू थांबायला शीक. ऊन जिथं येणार, तिथं त्याच्या आधी जाऊन बस."

मी ते अक्षरशः केलं. रोज पहाटे सायकल काढायची, ताथवड्याकडच्या माळावर पाखरं, सरडे, जे दिसेल त्याच्यासमोर बसायचं आणि पहिल्या भोंग्याआधी कारखान्यात हजर व्हायचं. तिथंच एका मावशींची ओळख झाली. नवरा वारलेला, माळाच्या कडेला चार बिघे ज्वारी त्या एकट्या करायच्या. महिनाभर त्यांनी मला नुसतं पाहिलं. मग एका सकाळी जवळ आल्या.

"फोटूवालं, मांजरं काढता का?"

"घरची?"

"न्हाई वो. रानातली. वाघाटी हाय. दोन पिल्लं घातलीत."

शेताच्या बांधावर दगडांचा ढीग होता, त्याच्या पोटात ती होती. दगड हलवायला गेल्या तेव्हा मावशींना दिसली आणि त्यांनी ढीग तसाच ठेवला. ती उंदीर खाते, तिच्यामुळं कणसं वाचली, म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "पर कुनाला सांगू नगा. गावातली पोरं कुत्री सोडत्याल."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

ज्यांनी वाघाटी पाहिली नाही त्यांना सांगतो, ती घरच्या मांजरीहून लहान असते. अंगावर गंजासारखे ठिपके, कपाळावर उभे पट्टे. पिल्लं तर माझ्या तळहातात मावली असती. पहिले आठ दिवस मी कडब्याच्या गंजीआडून नुसता पाहत बसलो. पुढे रोज थोडा थोडा पुढे सरकलो, अंगावर मावशींचं घोंगडं घेऊन. कॅमेऱ्याचा खटका वाजला की आईचा एक कान माझ्याकडे वळे. तिसऱ्या आठवड्यात तो वळेनासा झाला.

मग ती सकाळ आली. कोवळं ऊन तिरपं दगडांवर पडलं होतं. आई ढिगावर आडवी झाली होती. एक पिल्लू तिच्या शेपटीशी झोंबत होतं आणि दुसरं दगडाच्या फटीतून नुसतं डोकं काढून सरळ माझ्याकडे बघत होतं. त्याच्या कानांतून ऊन आरपार आलं होतं. मी एकच फोटो काढला. मग कॅमेरा मिटून ठेवला.

तो रोल काकांच्याच अंधाऱ्या खोलीत धुतला. त्या फोटोचा कागद पाण्यात तरंगत होता, त्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. एरवी कुठे चुकलं ते लगेच सांगायचे, त्या दिवशी एकही चूक काढली नाही. शेवटी म्हणाले, "कुठं रे हे?"

मी सांगितलं. मला वचन आठवलं नाही असं नाही. आठवलं होतं. पण 'कुनाला' म्हणजे परके, काका थोडेच परके, असं मी मनाशी म्हणालो. पुढच्या रविवारी मीच त्यांना सायकलच्या दांड्यावर बसवून घेऊन गेलो. मावशींचा चेहरा उतरला. पण काका त्यांच्याशी इतक्या आदबीनं बोलले, त्यांच्या हातची भाकरी इतक्या आवडीनं खाल्ली, की त्याही निवळल्या. त्या दिवशी वाघाटी बाहेर आली नाही.

पुढचे पाच-सहा दिवस कारखान्यात ओव्हरटाइम होता. शनिवारी गेलो तर दगडांचा ढीग विस्कटलेला. मावशी बांधावर बसल्या होत्या, पदरात काहीतरी धरून.

"तुमचं काका आलं व्हतं बुधवारी," त्या म्हणाल्या. "म्हनलं, तुमीच धाडलंय. मी म्हनलं, मग काडा. म्हशीला पानी दावून येते तवर त्यांनी दगडं बाजूला केली व्हती. पिल्लं बाभळीवर बांधली व्हती वो त्यांनी. दोऱ्यानं, पायाला."

एक पिल्लू फांदीवरून घसरून दोऱ्याला लोंबकळलं. मावशी ओरडत धावल्या. काकांनी दोरे कापले, पिल्लं दगडांपाशी ठेवली आणि निघून गेले. आई संध्याकाळी आसपास आली, हाका मारल्या, पण माणसाचा वास लागलेल्या जागी ती थांबली नाही. लोंबकळलेलं पिल्लू दुसऱ्या दिवशी मेलं. पदरात होतं ते राहिलेलं. बोळ्यानं शेळीचं दूध पीत होतं.

मी खाली बसलो. माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

तिथून मी तसाच चिंचवड स्टेशनवर गेलो आणि मिळाली त्या गाडीनं पुण्याला. काकांच्या दुकानात तो फोटो दोरीवर वाळत होता. बाभळीच्या फांदीवर दोन पिल्लं शेजारी शेजारी, मागून ऊन. फार सुंदर होता, हे लिहायला आजही जड जातं. रेघा आखण्यातच माझा दिवस जायचा, त्यामुळे एका पिल्लाच्या मागच्या पायाशी गेलेली काळी बारीक रेघ मला लगेच दिसली.

"तुम्ही त्यांना बांधलंत," मी म्हणालो.

"पाच मिनिटं," काका म्हणाले. "तुझ्या फोटोत दगडच जास्त आहेत. स्पर्धेला असले चालत नाहीत."

"एक मेलं."

 ते हातातल्या पंच्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग त्याच मऊ आवाजात म्हणाले, "वाईट झालं. पण ऊन तर खरंच होतं ना? बल्ब नाही लावला मी."

मला वाटलं होतं मी भांडेन, तो कागद फाडीन. तसलं काहीच केलं नाही. माझ्या निगेटिव्ह मागून घेतल्या, त्यांनी त्या पाकिटात नीट घालून दिल्या आणि मी जिना उतरलो. काही महिन्यांनी त्यांच्या फोटोला बक्षीस मिळालं. एका मासिकात तो आला तेव्हा ती रेघ नव्हती, ब्रशनं पुसली होती. खाली छापलं होतं, 'निसर्गाच्या कुशीत'. मासिकाला मी पत्र लिहायला घेतलं. पण पहिल्याच ओळीत ती जागा काकांना कुणी दाखवली ते लिहावं लागणार होतं. पत्र अर्धंच राहिलं. ते पुढे कारखान्यात यायचे तेव्हा मी टेबलावरून मान वर करत नसे. एकदा त्यांनी पाठीवर हात ठेवला, मी उठून बाहेर गेलो.

मावशींकडे मात्र जात राहिलो, कॅमेरा न घेता. पिल्लासाठी कधी कारखान्याच्या गोदामातले उंदीर डब्यात घालून न्यायचो. मावशी डबा घेत. पाटीत ठेवलेलं पिल्लू लांबून दाखवत, हातात देत नसत. पावसाळा सरता सरता ते मोठं झालं, फिसकारू लागलं.

एका सकाळी गेलो तर पिल्लाची पाटी रिकामी, पालथी घातलेली.

"गेली," मावशी म्हणाल्या. "परवा सोडली."

"कुठल्या बाजूला?"

त्या खुरपं थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नव्हे. तोलून बघितल्यासारख्या. मग पुन्हा खाली वाकल्या आणि गवत काढू लागल्या.