बॅटरीपुरतं बोलणं

आमचे हे बस डेपोत उद्घोषक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, कुणाची पिशवी चौकशीच्या खिडकीवर जमा झालीय, हे दिवसभर भोंग्यावरून सांगायचं काम. बाकीचे उद्घोषक गाडीचं शेवटचं गाव सांगून मोकळे व्हायचे. हे मधले सगळे थांबे सांगायचे, एकही न गाळता. साहेबांनी समज देऊन पाहिली. यांचं म्हणणं, मधे उतरणाऱ्यानंही तिकीटच काढलेलं असतं. घरीही तीच तऱ्हा. दूध संपलंय एवढंच सांगायचं, तर आधी ते कधी आणलं, कुणी किती घेतलं, मांजरानं कसं तोंड घातलं, आणि मग संपलंय. मी म्हणायचे, अहो आटपा, गाडी सुटेल.

निवृत्त झाले आणि घशाचा आजार निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. माणूस वाचला, आवाज गेला. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते यांना मानवलं नाही. मग दोघांचं बोलायचं कंत्राट माझ्याकडे आलं. बँकेत मी, दवाखान्यात मी, फोनवर मी. यांना दुखतंय, यांना नको, यांना विचारून सांगते. दिवस मावळेपर्यंत माझा जबडा दुखायला लागायचा, खोटं नाही सांगत.

शेवटी लेकीनं तिचा लॅपटॉप पाठवला, नवी बॅटरी घालून. त्यात टाइप केलं की तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. फोनवरही तशी सोय असते म्हणे, पण यांची बोटं जाडजूड, एक अक्षर दाबायला गेले की तीन उमटायची. लॅपटॉपवर मात्र हात बसलेला, डेपोत वेळापत्रकं टाइप करून. आवाज कुणा तरण्याताठ्या बातम्या देणाऱ्याचा. मी ओट्याशी असताना पाठीमागून परका पुरुष "चहा दे" म्हणाला की सुरुवातीला माझ्या हातातलं भांडं निसटायचं. पुढे सवय झाली. हे लॅपटॉपला पट्टा लावून तो गळ्यात अडकवायचे आणि तीन जिने उतरून खाली बाकावर मित्रांत जाऊन बसायचे. सगळे थांबे पुन्हा सुरू झाले. आणि मी, देवाशपथ, सुटले.

मग त्या लॅपटॉपनं रोज विचारायला सुरुवात केली, नवी आवृत्ती आलीय, घेऊ का? हे रोज नाही म्हणायचे, आणि तो पुन्हा विचारायचा. एका सकाळी कंटाळून यांनी हो दाबलं. झालं. अर्धा दिवस तो स्वतःशीच फिरत बसला. उठला तेव्हा चित्रं इकडची तिकडे झालेली, आणि सकाळपासून दुपारपर्यंत टिकणारी बॅटरी एक कप चहा संपेपर्यंतही पुरेना. बाकावर यांचं वाक्य अर्ध्यात असायचं आणि पडदा काळा. लेक म्हणाली, "आई, थोडे दिवस थांब. नवीन आलं की ते आतल्या आत आवराआवर करत असतं, मग शांत होतं." आम्ही थांबलो. कसलं शांत.

त्या दिवसांत हे बदलले. वायर लावून भिंतीशी बसून राहणं यांना पटेना, म्हणून शब्द जपून वापरायला लागले. "अगं, जरा वेळ असेल तर चहा टाकतेस का" याचं नुसतं "चहा" झालं. मित्रांना वाटलं, याला कसला तरी राग आलाय. मीही दोनचारदा फणकारले की मी काय हॉटेलात कामाला आहे का. मग लक्षात आलं, की माणूस काटकसर करतोय. ते कळल्यावर मला जास्तच थकल्यासारखं झालं, कारण कंत्राट पुन्हा माझ्याकडे आलं होतं.

नेमकं तेव्हाच घराचं निघालं. यांचे थोरले भाऊ घरं बांधायचे ठेके घेतात. गावाबाहेर त्यांनी स्वतःचं घर बांधायला काढलं होतं आणि त्यात तळमजल्यावर आमच्यासाठी एक खोली धरली होती. आमची जागा विकायची आणि तिकडे जायचं, असा त्यांचा बेत. माणूस वाईट नाही. पण समोरच्याला वाक्य पुरं करू देणं त्यांच्या स्वभावातच नाही. लहानपणापासून यांचंही तेच ठरवत आलेले. यांना घर सोडायचं नाही, हे मी त्यांना फोनवर ठणकावून सांगितलं. ते म्हणाले, "त्यालाच घेऊन या इकडे. त्याच्या तोंडून ऐकतो." मग स्वतःच गडबडून फोन ठेवला.

गेलो. बसचा कंडक्टर यांच्या ओळखीचा निघाला. हे त्याच्याशी बोलले, कितीतरी दिवसांनी मोकळेपणानं, आणि मी वेडी, कौतुकानं ऐकत बसले. तिथं पोचलो तर नुसत्या भिंती, वीज अजून आलेली नाही. भाऊजी टेप घेऊन मापं दाखवत फिरत होते. इथं तुमचा पलंग, इथं खिडकी. यांनी टाइप केलं. लॅपटॉप म्हणाला, "दादा, या खोलीबद्दल मला," आणि बंद पडला.

"खोली झकास होणार," भाऊजी म्हणाले. "म्हणजे ठरलं."

यांनी खिशातून कागद काढून भराभर लिहिलं. भाऊजींनी त्याची घडी केली, "वाचतो सावकाश" म्हणत शर्टाच्या खिशात घातली आणि गवंड्याकडे वळले. मी म्हटलं, काही ठरलेलं नाही, यांना बोलायचंय. तेव्हा रविवारपर्यंतची मुदत मिळाली. रविवारनंतर फरशी बसणार होती.

परतीच्या बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यावर लॅपटॉप कोपऱ्यात ठेवला तो दुसऱ्या दिवशीही उघडला नाही. माझं डोकं फिरलं. तोच उचलून मी दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथल्या माणसानं उघडूनसुद्धा न बघता सांगितलं, बॅटरी गेली, नवी टाका. मी म्हटलं, नवीच आहे. तो म्हणाला, मग लॅपटॉप नवा घ्या. मी पुन्हा तीन जिने चढून आले, कठड्याला धरून धरून, आणि आल्या आल्या लेकीला फोन लावला. तिला म्हटलं, तुझी ती आवराआवर गेली खड्ड्यात, आत्ता काय ते बघ.

तिनं तिकडे बसून आमचा पडदा स्वतःकडे घेतला. बाण आपला आपण फिरायला लागला. उजेड भडक झाला होता, तो तिनं कमी केला. ताकद सगळ्यात वरच्या खुंटीला नेऊन ठेवलेली होती, ती खाली आणली. झाकण मिटलं तरी हा आत जागाच राहत होता, तेही बदललं. ही सगळी त्या नव्या आवृत्तीची करणी. मग तिनं एक पान उघडलं. कुठला प्रोग्राम किती बॅटरी खातो ते त्यात होतं, आणि सगळ्यात वरच्यानं एकट्यानंच निम्म्याहून जास्त फस्त केलेली. बाण तिथंच थांबला.

"काय गं?" मी विचारलं.

"आई, हे आवाज ऐकायचं सॉफ्टवेअर आहे. मालकानं हाक मारली की लॅपटॉपनं उठायचं, म्हणून ते माइक सतत उघडा ठेवतं. नव्या आवृत्तीबरोबर आलं असणार, आपोआप सुरू."

म्हणजे इतके दिवस तो यांच्या हाकेची वाट बघत बसला होता, आणि त्या वाट बघण्यातच यांचं बोलणं संपत होतं. मला रडूच आलं. खुर्चीत बसले आणि पदरानं डोळे पुसत राहिले. यांनी मात्र मान मागे टाकली, खांदे हलायला लागले. यांचं हसणं आता असं, बिनआवाजाचं. मग टाइप केलं, "त्याला सांग, मालक बाहेरगावी गेलाय." लेकीनं ते बंद केलं.

दुसऱ्या दिवशी हे बाकावर जाऊन जेवायच्या वेळेला परत आले, तरी लॅपटॉप बोलत होता. कोण कोण भेटलं, कुणाच्या गुडघ्याचं काय झालं, सगळं सविस्तर. मी डोळे मिटून पडले होते. ऐकत होते की नाही, कुणास ठाऊक.

रविवारी गेलो. कंडक्टर तोच होता, पण यांनी त्याला नुसता हात केला. जाऊबाईंनी सिमेंटच्या पोत्यांवर चादर टाकून आम्हाला बसवलं. भाऊजींनी टेप काढली आणि सुरू झाले. यांनी टाइप केलं.

"दादा, थांब. आज माझं मी बोलणार आहे. मधे तोडू नकोस." बातम्यांचा तो आवाज रिकाम्या भिंतींत चांगलाच घुमला. भाऊजी थांबले. मी सरसावून बसले. मनात म्हटलं, सांगा आता.

"न्हाणीघराचा उंबरा काढ, हिचा पाय अडकेल. दार बाहेर उघडेल असं बसव. खिडकी रस्त्याच्या बाजूला हवी, मला गाड्या बघायच्यात. एवढं केलंस तर आम्ही येतो."

मला वाटलं चुकून दाबलं गेलं. "अहो," मी म्हटलं, "तुम्हाला घर सोडायचं नाहीये ना?"

यांची बोटं थांबली नाहीत. "असं मी कधी म्हटलं नव्हतं. सगळ्यांना तू सांगत होतीस. घर तुला सोडायचं नाही. मी वर बसून असतो आणि तू पिशव्या घेऊन जिना चढतेस. प्रत्येक मजल्यावर थांबतेस. ते मला ऐकू येतं."

भाऊजींनी टेप गुंडाळून खिशात घातली. मला म्हणाले, "तुम्ही काय म्हणता?"

इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मला नाही यायचं." माझा आवाज मलाच ओळखू येईना.

भाऊजी म्हणाले, "मग तुमचं तुम्ही बघा," आणि जाऊबाईंना घेऊन बाहेर गेले. आम्ही त्या पोत्यांवर बसून भांडलो. मी म्हटलं, माझा संसार त्या घरात झाला, लेक तिथं वाढली, शेजारपाजार आहे. हे म्हणाले, शेजारचे येतील बसनं, कुठला थांबा ते मी सांगीन. मी म्हटलं, भाऊजी आपल्याला बोलू देणार नाहीत. हे म्हणाले, आज दिलं की नाही? बसमध्येही भांडलो. पुढच्या बाकावरची बाई वळून वळून बघत होती, एवढा मोठा आवाज ठेवला होता यांनी. कुठल्याही मुद्द्याला हे निरुत्तर झाले नाहीत, आणि दमून गप्प बसले ती मी.

आता आम्ही तळमजल्यावर राहतो. न्हाणीघराला उंबरा नाही, खिडकी रस्त्याकडे आहे. पण मला इथं करमत नाही. असं मी रोज म्हणते, आणि हे रोज उत्तर देतात.