झाकणावरची तार

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. दूधवाल्याने माप ओतलं की भांडं उजेडात धरून पाहणारा. देवळात हात जोडले तरी एक डोळा बाहेरच्या चपलांवर. बायको म्हणायची, यमराज आला तरी तुम्ही आधी त्याचं ओळखपत्र मागाल. म्हणून पुढे लिहितो त्याला चमत्कार म्हणायची माझी हिंमत नाही. जसं घडलं तसं सांगतो, आणि त्यात माझी लाज निघते तीही लपवत नाही.

सुरतेतल्या लिंबायतला आम्ही धुळ्याकडून आलेलो. माझी एक जुनी पिकअप होती. मागाच्या कारखान्यांतून कापडाचे ताके भरायचे आणि बमरोली, सचिन भागांतल्या मिलांना पोचवायचे, हा धंदा. सुरतेत प्लेग आला तेव्हा सगळं शहर पळत सुटलं. मीही माय, बायको, दोन पोरं आणि शेजारची सहा माणसं गाडीत कोंबली आणि गावाकडे निघालो. जाताना निभावलं. साथ ओसरल्यावर परत येताना कोंडाईबारीच्या घाटात उतारावर ब्रेक दाबला, तर पाय फळीपर्यंत गेला आणि गाडी धावतच राहिली. स्टेअरिंग असं जड, की वळण घेताना डाव्या खांद्यातून काहीतरी कट्टकन तुटल्यासारखं झालं. मागे माय ओरडली, "सप्तशृंगी माय, सांभाळ! याच गाडीमा, याच माणसे लिसन तुना गडवर येसू!" गाडी डोंगराच्या कडेला घासत घासत थांबली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

नवस बोलून माय मोकळी झाली. फेडायचा कोणी? याच गाडीत, म्हणजे ज्या गाडीने दगा दिला तिच्यात, हीच माणसं बसवून सापुताऱ्याचा घाट चढायचा आणि उतरायचा. माझा खांदा तर कामातून गेला होता. बायकोने स्वच्छ सांगितलं, "गाडी नीट झाल्याशिवाय माझी पोरं त्यात बसणार नाहीत." तिचं खरं होतं. आणि मायचे गुडघे असे झाले होते, की येत्या चैत्रातल्या यात्रेनंतर तिला कधी गडावर नेता येईल की नाही याची खात्री नव्हती.

शेजारच्या एकाने कांतिभाईचं नाव सांगितलं. उधन्याकडच्या रस्त्याला त्यांचं छोटं गॅरेज. म्हातारा, कमी बोलणारा मिस्त्री. त्यांनी गाडीखाली शिरून पाहिलं आणि म्हणाले, मोडीत निघालेल्या मोठ्या गाडीचा ब्रेकचा बूस्टर आणि पावर स्टेअरिंगचा पंप मिळाला तर हिला बसवता येईल. बूस्टर म्हणजे एक डबा, तो पायाच्या जोराला हातभार लावतो. पंपाने स्टेअरिंग एका हाताने फिरतं. ऐकायला छान होतं. पण फार कमी बोलणाऱ्या माणसाचा मला जास्तच संशय येतो. हा मनात काय मोजतोय?

भंगारबाजारात मी स्वतः गेलो, दोन्ही वस्तू स्वतः पारखून आणल्या आणि कांतिभाईंच्या हवाली करण्याआधी दोन्हींवर खिळ्याने बारीक फुली कोरली. मिस्त्री लोक चांगला माल काढून घेतात आणि टाकाऊ चढवतात, हे मी ऐकून होतो. आता बघतो म्हटलं कसा बदलतो ते! आठवडाभर रोज काही ना काही निमित्त काढून गॅरेजवर चक्कर मारली. कांतिभाई चहा पाजायचे. चहा पितानाही माझी नजर त्यांच्या हातावर.

गाडी तयार झाली. चालवून पाहिली तर खरंच, स्टेअरिंग बोटाने फिरत होतं आणि ब्रेकला नुसता पाय लावला की गाडी जागच्या जागी. मला आनंद व्हायला हवा होता. मी विचारलं, "इतकं हलकं कसं काय? काही सैल तर नाही ना ठेवलं?" कांतिभाई हसले. मग त्यांनी ब्रेकच्या तेलाच्या डबीचं झाकण एका बारीक तारेने बांधलं, पक्कडीने पीळ दिला आणि म्हणाले, "ये तार मत खोलना, भाई. स्टेअरिंग का तेल कम लगे तो इस डिब्बे से डालना. ब्रेक का कुछ भी लगे, मेरे पास आना." तेलाचा डबा त्यांनी मागे ठेवला. मनात म्हटलं, तार कशाला? आत काय झाकलंय?

निघायच्या दिवशी सकाळी गल्लीत गाडी सजली. झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, नारळ. माणसं मागे चढून बसली होती, माय पुढे. आमच्यात नव्या वस्तूला शेंदूर लावल्याशिवाय देवीच्या वाटेला नेत नाहीत. म्हणून मी बॉनेट उघडलं आणि बोटावर शेंदूर घेतला. पंपाला टिळा लावला. पंपावर माझी फुली होती. बूस्टरला टिळा लावायला गेलो आणि बोट तिथेच थांबलं. फुली नव्हती. वरून पाहिलं, खालून पाहिलं, फडक्याने पुसून पाहिलं. नव्हतीच! बदलला मेल्याने. माझा बूस्टर खाल्ला आणि कुठला तरी लावून दिला!

अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याच रागात ब्रेकच्या डबीकडे लक्ष गेलं. तेल रेघेच्या बोटभर खाली. हे झाकण्यासाठी तार होय! गॅरेज काही सातासमुद्रापार नव्हतं, जाऊन विचारता आलं असतं. पण सगळ्यांसमोर फसलो म्हणून सांगायचं कोणी? मी तार तोडली, मागचा तेलाचा डबा घेतला आणि रेघेपर्यंत ओतलं. शेंदराने माखलेल्या बोटांनीच झाकण लावलं. मायने विचारलं, "काय करी ऱ्हायना रे?" म्हटलं, "काही नाही, पूजा."

जाताना गाडी मुकाट चालली. वघईचं जंगल, सापुताऱ्याची चढण, सगळं सुखरूप. नांदुरीला गडाच्या पायथ्याशी गाडी लावली आणि यात्रेच्या गर्दीत गाड्या वर सोडत नव्हते म्हणून पुढे बसने गेलो. तीन दिवस राहिलो. मायला पायऱ्यांवरून डोलीने नेलं. दर्शन झालं. सगळे रडत होते, माय तर पदर पसरून उभी होती. मी हात जोडले आणि मनात काय म्हणालो सांगू? "माय, त्या कांतिभाईला बघून घे." आणि मान वळवून चपला आहेत का ते पाहिलं.

परतीला हतगडच्या पुढे गाडी जड वाटायला लागली. कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. जळका वास येत होता. सापुताऱ्याला तळ्याजवळ चहाला थांबलो आणि नंतर गाडी सुरू केली, तर जागची हलेना. चाकावर पाणी शिंपडलं तर चर्र आवाज आला. मग माझं तोंड सुटलं. कांतिभाईच्या सात पिढ्या मी त्या तळ्याकाठी उद्धारल्या. पोरं घाबरली. माय शांतपणे म्हणाली, "मायनं थांबाडं तुले." मी म्हटलं, "मायने नाही, त्या चोराने!"

चहाच्या टपरीवरून एक माणूस उठून आला. पांढऱ्या मिशा, खांद्यावर पंचा, हातात गडावरच्या प्रसादाची पिशवी. एसटीच्या वर्कशॉपात नोकरी केली म्हणाला, आता रिटायर आहे. मी तुम्हाला विचारलं होतं का, असं माझ्या जिभेवर आलं होतं. त्याने हत्यारांच्या पेटीतले पाने मागितले. दिले, पण पेटीजवळच उभा राहिलो. घाटात मदतीला येणारे सगळेच काही धर्मात्मे नसतात. त्याने चाकाच्या आतल्या बाजूचा एक छोटा नट सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं. एकेक करून चारही सुटली.

"झालं!" मी म्हणालो. "चला रे, बसा."

तो चाकापाशीच उकिडवा बसला होता. "भाऊ, आता हिला ब्रेक नाही. खाली जाऊ नका."

आलं लक्षात. आता म्हणेल, माझ्या ओळखीचं गॅरेज आहे. मी म्हटलं, "मगाशी तर लागत होते, आता सुटले. हळूहळू उतरतो." खरं सांगतो, मी किल्ली लावली होती. मागे नऊ माणसं चढायला लागली होती. माझी दोन पोरं त्यांत होती.

त्याने वाद घातला नाही. डबीतलं तेल बोटांत चोळलं, वास घेतला. मग टपरीवरून पाण्याचा ग्लास आणला आणि माझ्यासमोर धरून त्यात थोडं तेल सोडलं. "ब्रेकचं तेल पाण्यात विरघळतं. बघा." थोडं विरघळलं. बाकीचं पाण्यावर तवंग धरून तरंगत राहिलं, पिवळंधमक. "हे दुसरं तेल आहे. याने आतली रबरं फुगतात. आधी ब्रेक धरून ठेवतात, मग तापतात, आणि अर्ध्या घाटात पाय फळीला लागतो. यात कोणी ओतलं हे?"

"मिस्त्रीने," मी म्हणालो.

त्याने झाकण उलटं केलं. कडेला तुटलेल्या तारेचं टोक लोंबत होतं आणि झाकणावर शेंदराची दोन बोटं उमटली होती. माझीच. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलंही नाही, झाकण हातात देऊन टाकलं.

खाली बसलो आणि सगळ्यांसमोर, बायकोसमोर, पोरांसमोर सांगितलं की मी ओतलं. रडू आलं ते आवरलं नाही. कोंडाईबारीत देवीने वाचवलं होतं, आणि त्याच माणसांना मी स्वतःच्या हाताने घाटात लोटायला निघालो होतो. सावरून मान वर केली तर तो गृहस्थ नाशिकच्या बसकडे चालायला लागला होता. नाव विचारायचं राहून गेलं. आणि एवढं होऊनही, सांगायला जीभ अडते, मी पाने मोजले. सगळे होते. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेले आणि पुसलेले.

बाकीच्यांना सुरतेच्या बसमध्ये बसवलं. माय हटून बसली, "मी गाडीसंगे उनू, गाडीसंगेच जासू." एसटीडी बूथवरून कांतिभाईंच्या शेजारच्या दुकानात फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते बसमधून उतरले. हातात पिशवी, पिशवीत नवी रबरं आणि ब्रेकचं तेल. शिव्या नाहीत, टोमणा नाही. तारेचं टोक पाहिलं, "हं, नए काम में तेल थोड़ा नीचे बैठता है" एवढंच म्हणाले आणि कामाला लागले.

मला राहवेना. "कांतिभाई, तेलाची चूक माझी. पण माझा बूस्टर कुठे आहे?"

"सीट के नीचे."

माझ्याच सीटखाली गोणपाटात गुंडाळलेला बूस्टर होता. त्यावर माझी फुली होती, आणि आतला रबरी पडदा वीतभर फाटलेला. कांतिभाई हात पुसत म्हणाले, "तुम जो लाया वो फटा हुआ था. मेरे पास अच्छा पड़ा था, लगा दिया. बोलता तो तुम समझते, कांतिभाई माल बदलता है. गाड़ी दूसरे के पास ले जाते. और माताजी के पास जाना था तुमको. इसलिए नहीं बोला. सोचा, इतना चेक करने वाला आदमी सीट के नीचे तो देखेगा."

सगळीकडे पाहिलं होतं मी. दूध पाहिलं, चपला पाहिल्या, पाने मोजले. ज्याच्यावर बसून गडापर्यंत गेलो आणि आलो, तिथे पाहिलं नव्हतं. मायने कांतिभाईंना गडावरचा प्रसाद दिला आणि मला म्हणाली, "तू कोनावर भरोसा ठेवस का रे?" मी कांतिभाईंच्या पाया पडायला वाकलो, त्यांनी खांदा धरून उठवलं, नेमका दुखरा खांदा.

तेल भरून झाल्यावर त्यांनी नवी तार काढली आणि पक्कड माझ्या हातात दिली, "तुम बांधो." मी म्हटलं, "नाही, तुम्ही बांधा. तुमच्याच हाताची राहू दे." त्यांनी पीळ दिला. सापुताऱ्याचा घाट आम्ही तिघं उतरलो, माय मध्ये बसून देवीची नावं घेत होती, आणि प्रत्येक वळणावर गाडी पायाखाली शहाण्या बैलासारखी थांबत होती.

देवीने काय केलं, काय नाही, हे मी ठरवणार नाही. रबर तेलाने फुगतं, त्याला देवी लागत नाही. पण ते घाटात न फुगता वरच, तळ्याकाठी, चहाच्या टपरीसमोर फुगलं, आणि टपरीवर तो माणूस बसलेला होता. एवढं मला पुरतं. संशय जायचा नाही, तो हाडात आहे. आजही बॉनेट उघडलं की हात झाकणाकडे जातो, तारेला लागतो आणि मागे येतो. शरण जाणं म्हणजे माझ्यापुरतं तेवढंच आहे.

पुढच्या चैत्रात मायला पुन्हा गडावर नेलं. या वेळी मी देवीसमोर दोन्ही डोळे मिटले, मग उघडून डोळे भरून तिला पाहिलं. मान एकदाही वळवली नाही. बाहेर आलो तर माझ्या चपला गायब! माय म्हणाली, "चपला कोठे शेतस रे?" म्हटलं, "गयात." आधी ती हसली, मग मीही हसलो, आणि चैत्राच्या उन्हात पाय भाजत, तिचा हात धरून, अनवाणी पायऱ्या उतरलो. माझ्या आयुष्यातलं पहिलं पुरं दर्शन ते.