सेटिंगचं नाव कमठाणा

हैदराबादच्या कंपनीत माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण नोकरी सोडून परदेशी गेली आणि तिचं काम माझ्याकडे आलं. दवाखान्यात नंबर लागला की पेशंटच्या फोनवर त्याच क्षणी संदेश जावा, असं ते काम होतं. मी त्यात एक नवं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक छोटा तुकडा, लिहिलं. तिची जुनी फंक्शनं चालत होती, माझ्याकडून मात्र एकही संदेश जाईना. दुपारी कळलं, माझं फंक्शन संदेश पाठवणाऱ्या सेवेशी जोडणीची सेटिंग नेहमीच्या ठरलेल्या नावानं शोधत होतं आणि तिनं त्या सेटिंगला आपल्या मनानं नाव दिलं होतं, कमठाणा. बीदरजवळचं तिचं गाव.

मी तिला फोन लावला. "कामून गं असलं नाव दिलीस?"

"दिवसातून एकदा तरी गाव दिसावं म्हणून. बदलायलीस का?"

"न्हाई," मी म्हणाले.

माझ्या फंक्शनमध्ये तेच नाव लिहिलं आणि लगेच फोनवर चाचणीचा संदेश आला. सवयीनं मी शेजारी वळले. तिथं आता दुसरीच मुलगी बसते, तिला मराठी येत नाही. मग माझ्या गावी, मुडबीला, आईला फोन केला आणि उगाचच विचारलं, "काय करायलीस?"